अटीवर दिलेली माकडं

रक्तदान केल्यावर मिळणारं छोटं कार्ड पाकिटात घालून आपण वर्षानुवर्षं फिरतो. त्यावर ‘ओ पॉझिटिव्ह’ किंवा ‘बी निगेटिव्ह’ असं काहीतरी छापलेलं असतं. ओ, ए, बी हे गट सगळ्यांना माहीत असतात. पुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कशाचं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ते आरएचचं असतं आणि आरएच म्हणजे ऱ्हीसस, उत्तर भारतातल्या देवळांत, रेल्वेच्या फलाटांवर आणि आंब्याच्या बागांत वावरणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाचं पाश्चात्त्य नाव. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी या माकडाच्या रक्तपेशी सशांना टोचल्या. सशांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं माणसांच्या रक्तात मिसळली, तेव्हा शंभरातल्या पंच्याऐंशी जणांच्या रक्तपेशींच्या गुठळ्या झाल्या. त्या पंच्याऐंशींना नाव मिळालं आरएच पॉझिटिव्ह. माकडाच्या आणि माणसाच्या पेशीवरचा तो घटक हुबेहूब एक नाही हे पुढे कळलं, पण तोवर नाव रूढ झालं होतं. आज बाळंतपणाला आलेल्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर हे माकड हजर असतं.

हे माकड आपल्या सह्याद्रीतलं नव्हे. आपल्याकडचं माकड लांब शेपटीचं आणि डोक्यावर केसांची टोपी असलेलं. काळ्या तोंडाचं मोठं ते वानर. तापी आणि गोदावरी ओलांडून उत्तरेला गेलं की ऱ्हीससचा मुलूख लागतो. आखूड शेपूट, लालसर पार्श्वभाग, भुरकट अंग, आणि माणसाच्या वस्तीला अजिबात न बुजणारा स्वभाव. उत्तर प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत त्याला हनुमानाचं रूप मानून चणे घालतात, आणि तेच माकड उसाच्या शेतात शिरलं की गोफणही फिरवतात. या माणसाळलेपणामुळे ते सहज पकडलं जायचं. विसाव्या शतकात या देशातून किती माकडं पिंजऱ्यांत भरून परदेशी गेली, याचा नेमका आकडा कुणापाशी नाही. ऐन भराच्या वर्षांत ती दर वर्षी लाखाच्या वर जात होती.

ती का गेली, याची गोष्ट सुरू होते व्हिएन्नात, आणि तिथेही माणूस तोच, लँडस्टायनर. १९०८ साली पोलिओनं दगावलेल्या एका मुलाच्या मज्जारज्जूचा अंश त्यानं आणि एर्विन पॉपरनं दोन माकडांना टोचला. एक मेलं, दुसऱ्याचे मागचे पाय लुळे पडले. पोलिओ जंतुसंसर्गानं होतो आणि तो जंतू नेहमीच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही इतका बारीक आहे, याचा हा पहिला पुरावा. त्या दिवसापासून पोलिओचा अभ्यास करायचा म्हणजे माकड हवंच, असं समीकरण झालं. उंदीर, गिनीपिग, ससे यांना हा रोग लावता येत नव्हता.

या इतिहासात माकडांचा विजय तेवढा सांगतात, त्यांनी केलेली दिशाभूल सांगत नाहीत. ती सांगायला हवी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर यांनी पोलिओचा विषाणू एका ऱ्हीसस माकडातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा वर्षानुवर्षं चालवला. तो नेहमी मेंदूत टोचल्यामुळे किंवा नाकातून दिल्यामुळे हळूहळू चेतातंतूंशिवाय दुसरीकडे कुठे वाढेनासाच झाला. त्यातच ऱ्हीसस माकडाला तोंडावाटे पोलिओ लागतच नाही म्हणावं इतका कमी लागतो. या दोन गोष्टींवरून निष्कर्ष निघाला की हा रोग नाकातून थेट मेंदूत जातो. खरं तर तो तोंडावाटे आतड्यात जातो आणि तिथून रक्तात उतरतो. चुकीचं उत्तर तीस वर्षं शास्त्र म्हणून चाललं. १९३७ साली टोरांटोत साथ आली तेव्हा सुमारे पाच हजार मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचे फवारे मारले गेले. पोलिओ थांबला नाही आणि कित्येक मुलांचा वास घेण्याचा गुण मात्र गेला. चूक माकडाची नव्हती. माकड म्हणजे छोटा माणूस, असं धरून चालणाऱ्यांची होती.

याच सुमारास अमेरिकेत वेगळीच काळजी सुरू झाली. युरोपात युद्धाचे ढग जमत होते. जहाजं थांबली तर भारतातून माकडं कशी यायची? शिवाय येणाऱ्या माकडांत क्षयरोग फार असायचा. क्लॅरेन्स रे कार्पेंटर नावाच्या माकड-अभ्यासकानं १९३८ साली भारतात येऊन लखनौच्या आसपासच्या मुलखातून माकडं जमवली, कलकत्त्याहून जहाजात घातली आणि अटलांटिकपलीकडे पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळच्या कायो सांतियागो या बेटावर नेली. बेट एवढंसं, अडतीस एकरांचं. डिसेंबर १९३८ पर्यंत तिथे ४०९ माकडं सोडली गेली. त्यानंतर बाहेरचं एकही माकड त्या बेटावर आणलेलं नाही. हे बेट लक्षात ठेवा, शेवटी तिथे परत जायचं आहे.

युद्ध संपलं आणि माकडांची खरी मागणी त्यानंतर आली. पोलिओवर लस करायची तर आधी विषाणूचे प्रकार किती हे कळायला हवं होतं. अमेरिकेतल्या चार विद्यापीठांनी १९४८ ते १९५१ या काळात हे मोजणीचं काम केलं. ते अत्यंत कंटाळवाणं होतं. एका नमुन्यानं माकडाला आजारी पाडायचं, ते बरं झालं तर दुसऱ्या नमुन्यानं पुन्हा पाडून बघायचं. दुसऱ्यांदा आजारी पडलं नाही तर दोन्ही नमुने एकाच प्रकारचे. या एका प्रश्नासाठी सुमारे १७,००० माकडं लागली. उत्तर आलं, तीन प्रकार. लशीत या तिन्हींचा समावेश हवा, हे त्या सतरा हजार माकडांमुळे कळलं.

या कामातल्या चारपैकी एक प्रयोगशाळा पिट्सबर्गची होती आणि तिचे प्रमुख होते जोनास सॉल्क. १९५२ साली अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८,००० रुग्ण झाले, तीन हजारांहून अधिक माणसं गेली. आईबाप उन्हाळ्यात मुलांना पोहायला पाठवायला धजत नव्हते. आपल्याकडे साथीच्या बातम्या होत नसत, पण रोग होताच. माझ्या वर्गातला एक मुलगा पायात लोखंडी सळ्या आणि चामड्याचे पट्टे असलेले जड बूट घालून यायचा. खेळाच्या तासाला तो पायरीवर बसून आमची घड्याळं आणि चपला सांभाळायचा. तो चालला की त्या बुटांचा टक-टक आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. तो आवाज ऐकलेल्या माणसाला ही लस व्हायला नको होती असं म्हणता येणार नाही. मी ते म्हणत नाही.

लस कशी व्हायची ते जवळून पाहिलं की माकडांचं गणित लक्षात येतं. १९४९ मध्ये बोस्टनला जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू चेतापेशी सोडून इतर पेशींतही वाढतो हे दाखवलं. सॉल्क यांच्या लोकांना सर्वांत सोयीच्या ठरल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. माकडाला भूल द्यायची, दोन्ही मूत्रपिंडं काढायची, कात्रीनं बारीक चिरायची, ट्रिप्सिन या पाचक द्रव्यात घोळून पेशी सुट्या करायच्या. मग त्या टोरांटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेत तयार झालेल्या ‘मीडियम १९९’ या पोषक द्रवात ठेवायच्या. या द्रवात आम्लता दाखवणारा लाल रंग मिसळलेला असायचा. पेशी जिवंत असल्या की त्या आम्ल सोडत आणि नळीतला द्रव पिवळा पडे. विषाणूनं पेशी मारल्या असतील तर तो लालच राहायचा. सकाळी कामावर आलेली मुलगी नळ्यांची रांग उजेडाकडे धरून नुसत्या रंगावरून सांगू शकत असे की विषाणू हटला की जिंकला. कॉनॉटमध्येच लिओन फॅरेल या संशोधक बाईंनी मोठ्या बाटल्या आडव्या ठेवून त्या सतत हळूहळू झुलवायची पद्धत बसवली, पाळणा हलवावा तशी. त्यामुळे विषाणू एवढा भरपूर मिळू लागला की लाखो मुलांना पुरेल. तो गाळायचा, फॉर्मालिननं मारायचा, आणि झाली लस.

एका माकडाच्या दोन मूत्रपिंडांत पेशी ठरावीकच, आणि त्या दीर्घकाळ टिकत नसत. म्हणजे प्रत्येक खेपेला नवी माकडं. हजारो माकडं दिल्ली-कलकत्त्याहून विमानानं लंडनला आणि तिथून न्यूयॉर्कला जाऊ लागली. साउथ कॅरोलायनात ओकेटी फार्म्स नावाची जागा खास माकडं उतरवून निवडण्यासाठी उभारली गेली. इकडे उत्तर प्रदेशात माकडं पकडणाऱ्यांचा धंदा तेजीत आला. शेतकऱ्याला पिकाचा उपद्रव कमी झाल्याचं समाधान आणि सरकारला परदेशी चलन. दोघांच्या सोयीचं असल्यामुळे फारसं कुणी विचारत नव्हतं.

आवाज उठला तो एका अपघातामुळे. जानेवारी १९५५ मध्ये भारतातून अमेरिकेला निघालेली माकडं लंडनच्या विमानतळावर उतरवली गेली. पुढच्या विमानापर्यंत ती एका बंद गाडीत ठेवली होती. जवळजवळ चारशे माकडं त्या गाडीत गुदमरून मेली. बातमी भारतात पोचली आणि लोक हळहळले. दिल्लीत हा विषय आधीपासून तापलेला होता. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध खासगी विधेयक आणलं होतं. नेहरूंनी सरकारच कायदा करेल असं आश्वासन दिलं म्हणून त्यांनी ते मागे घेतलं आणि १९६० साली तो कायदा झाला. लंडनच्या घटनेनंतर मार्च १९५५ मध्ये भारत सरकारनं माकडांची निर्यात बंद केली.

सॉल्क यांच्या लशीचा निकाल १२ एप्रिलला जाहीर व्हायचा होता. अठरा लाख मुलांवरच्या चाचणीचा निकाल, आणि ऐन वेळी कारखान्यांचा कच्चा माल अडला. अमेरिकेनं घाईनं बोलणी केली आणि काही आठवड्यांत बंदी उठली. पण ती अटी घालून उठली. ही माकडं फक्त पोलिओच्या लशीसाठी आणि वैद्यकीय संशोधनासाठीच वापरली जातील, त्यांना दयेनं वागवलं जाईल, असं प्रमाणपत्र अमेरिकेनं द्यायचं. प्रवासाच्या पिंजऱ्यांचेही नियम ठरले.

या अटीत नवल काय, असं आज कुणी म्हणेल. मला त्यात नवल वाटतं. नुकताच स्वतंत्र झालेला, परदेशी चलनाची टंचाई असलेला देश जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाला सांगत होता की आमचं माकड घ्या, पण कशासाठी मारता ते आधी लिहून द्या. माकड देणं भाग आहे, कारण पलीकडे लुळी पडणारी मुलं आहेत. पण ते कशाहीसाठी देणार नाही. अहिंसेच्या नावानं सरसकट नकार देणं सोपं होतं आणि व्यापाराच्या नावानं सरसकट होकार देणंही सोपं होतं. दिल्लीनं दोन्ही टाळलं.

१२ एप्रिलला लस सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं जाहीर झालं. चर्चच्या घंटा वाजल्या, दुकानांत लोक रडले. त्याच महिन्याच्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या कटर कंपनीच्या लशीनं मुलं आजारी पडू लागली. काही बाटल्यांत जिवंत विषाणू राहिला होता. दोनशेच्या आसपास मुलं आणि त्यांच्या संपर्कातली माणसं लुळी पडली, दहा दगावली. आदल्या वर्षी सरकारच्या तपासणी प्रयोगशाळेत बर्निस एडी या शास्त्रज्ञ बाईंनी कटरच्या नमुन्यांची माकडांवर चाचणी केली होती आणि त्यांची माकडं लुळी पडली होती. त्यांनी ते वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांनी ऐकलं नाही. ऱ्हीससनं पूर्वी तीस वर्षं फसवलं होतं. या वेळी त्यानं खरं सांगितलं, आणि आपल्या अंगावर रोग घेऊन सांगितलेलं ते खरं एका कपाटात पडून राहिलं.

कटरनंतर नियम कडक झाले आणि प्रत्येक तुकडीच्या चाचणीसाठी आणखी माकडं लागू लागली. अल्बर्ट सेबिन यांच्या तोंडावाटे द्यायच्या लशीच्या संशोधनातही सुमारे ९,००० माकडं खर्ची पडली. आपल्या मुलांच्या जिभेवर पडलेले दोन थेंब ते हेच. १९६० साली आणखी एक धक्का बसला. ऱ्हीससच्या मूत्रपिंडात एसव्ही-४० नावाचा एक विषाणू गुपचूप राहत होता आणि तो लशीबरोबर लाखो माणसांच्या अंगात गेला होता. त्यानंतर कारखाने आफ्रिकेतल्या हिरव्या माकडांकडे वळू लागले.

इकडे माकडं किती उरली आहेत, हे मोजायला कुणीतरी निघालं होतं. १९५९-६० मध्ये चार्ल्स साउथविक हे अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या मिर्झा अझहर बेग आणि मोहम्मद रफीक सिद्दिकी यांच्याबरोबर उत्तर प्रदेशातल्या रस्त्यांवरून, गावांतून, कालव्यांच्या काठांनी हिंडले. कळपाजवळ थांबायचं आणि मोजायचं, नर किती, माद्या किती, पोटाशी पिल्लं किती, आणि एक ते तीन वर्षांची किती. शेवटच्या रकान्यात आकडे थोडे होते. प्रयोगशाळांना याच वयाची, हलकी, हाताळायला सोपी माकडं हवी असत. कळपात आया होत्या, तान्ही पिल्लं होती, म्हातारे नर होते, आणि मधली पिढीच गायब होती. पुढची वीसेक वर्षं ही मोजणी चालू राहिली आणि अलीगढ जिल्ह्यातल्या कळपांची संख्या घटत गेली. भारतानं निर्यातीचा कोटा उतरवत सत्तरच्या दशकाच्या मध्यावर वर्षाला २०,००० वर आणला.

आणि अटीचं काय झालं? सुरुवातीला तरी ती वॉशिंग्टनला बोचत होती. मे १९५९ मध्ये एबल नावाची ऱ्हीसस माकडीण अग्निबाणात बसून अवकाशात जाऊन जिवंत परत आली. त्या उड्डाणासाठी मुळात भारतात जन्मलेलं माकड निवडलं होतं. भारतीयांच्या भावना दुखावतील म्हणून ते बदलून कान्ससमध्ये जन्मलेली एबल घेतली गेली. तीच चार दिवसांनी अंगातली तार काढताना दिलेल्या भुलीनं गेली. म्हणजे भारताला दिलेला शब्द आपण पाळतो आहोत असं दाखवणं तरी त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

पुढे तेही राहिलं नाही. मेरीलँडच्या बेथेस्डामध्ये अमेरिकी सैन्याची किरणोत्सर्गावर संशोधन करणारी एक संस्था होती. शीतयुद्धाचा काळ, न्यूट्रॉन बॉम्बची चर्चा. किरणांचा मारा झाल्यावर रणगाड्यातला सैनिक किती वेळ काम करू शकेल, हे तिथे शोधत होते. ऱ्हीसस माकडांना विजेचे झटके देऊन फिरत्या चाकात पळायला शिकवायचं, मग न्यूट्रॉन किरणांचा जबर मारा करायचा आणि पुन्हा चाकात घालायचं. ते ओकतं, कोसळतं, झटका बसल्यावर उठून पुन्हा पळतं. किती तासांनी उठेनासं होतं त्याची नोंद करायची. मरायला कित्येकांना दिवसच्या दिवस लागले. याला वैद्यकीय संशोधन म्हणता येत नाही. हे शस्त्राचं मोजमाप होतं.

ही माहिती उघडकीला आणली शर्ली मॅक्ग्रील यांनी. या इंग्रज बाईंनी १९७३ साली थायलंडमध्ये राहत असताना इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग नावाची छोटी संघटना काढली होती. लष्कराच्या संस्थेनंच छापलेले अहवाल त्यांनी मिळवले आणि भारतीय वृत्तपत्रांना आणि पंतप्रधानांना कळवले. तुम्ही अटीवर दिलेल्या माकडांचं हे होतंय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पंतप्रधान होते मोरारजी देसाई.

मोरारजींचं नाव निघालं की मराठी माणसाच्या मनात पहिल्यांदा फ्लोरा फाउंटन येतं. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मुंबईत गोळ्या चालल्या तेव्हा मुख्यमंत्री तेच होते, आणि ते विसरण्याचं काही कारण नाही. पण इतिहास एकाच माणसाच्या खात्यावर दोन वेगळ्या नोंदी करून ठेवतो. हा कट्टर शाकाहारी, गांधींचा शिष्य, हट्टी म्हातारा पुढच्या परिणामांना भ्यायला नाही. ३ डिसेंबर १९७७ रोजी सरकारनं जाहीर केलं की १ एप्रिल १९७८ पासून माकडांची निर्यात पूर्ण बंद. ना कोटा, ना प्रमाणपत्र. शब्द मोडला की दिलेली वस्तू परत घेता येत नाही, पण पुढची देणं थांबवता येतं. ते त्यांनी केलं. बंदी आजही आहे.

लशीचं उत्पादन कोसळेल, मुलं मरतील, अशी भीती तेव्हा परदेशात घातली गेली. तसं काही झालं नाही. अमेरिकेनं स्वतःकडे माकडांची पैदास वाढवली. पोर्तो रिकोतल्या ला पार्गेरातून सुमारे १,४०० माकडं साउथ कॅरोलायनाजवळच्या मॉर्गन बेटावर नेली. आणि मुख्य म्हणजे, इतकी माकडं लागणारच नाहीत अशी वाट आधीपासून उघडलेली होती. २७ मार्च १९६२ रोजी जपानच्या चिबा विद्यापीठात यासुमुरा नावाच्या शास्त्रज्ञानं एका आफ्रिकी हिरव्या माकडाचं मूत्रपिंड घेऊन पेशी वाढवायला ठेवल्या. त्या मरेनात, वाढतच राहिल्या. एस्पेरांतो भाषेत ‘हिरवं मूत्रपिंड’ म्हणजे ‘वेर्दा रेनो’, त्यावरून त्यांचं नाव पडलं व्हेरो. आज जगभर पोलिओची लस त्या पेशींवर करतात, आणि आपल्याकडची कोव्हॅक्सिनही त्यांच्यावरच वाढवलेल्या विषाणूपासून झाली. जिथे हजारो माकडांची मूत्रपिंडं चिरली गेली, तिथे एकाच माकडाचं मूत्रपिंड साठ वर्षं पुरलं आहे. पुढे माणसाचा पोलिओ-ग्राहक बसवलेले उंदीर तयार झाले आणि तोंडावाटे द्यायच्या लशीच्या चाचणीतली माकडंही घटली. ही सगळी शास्त्राचीच करामत. मला फक्त एवढंच वाटतं की माल स्वस्तात आणि न मोजता येत होता तोवर या वाटा शोधायची निकड कमी होती.

बंदी निर्यातीवर होती. भारतातल्या प्रयोगशाळांत माकडं वापरली जातच राहिली, आणि या हिशेबात आपण निर्दोष नाही. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला कोव्हॅक्सिनची चाचणी करायला ऱ्हीसस माकडं हवी होती. देशात या कामाजोगी प्रयोगशाळेत वाढवलेली माकडं मिळेनात. वनखात्याची मदत घेऊन शोध सुरू झाला. हॉटेलं आणि देवळं बंद असल्यानं खायला मिळेना म्हणून माकडं आपल्या नेहमीच्या जागा सोडून रानात शिरली होती. शेवटी ती नागपूरजवळ सापडली. त्या वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख असलेल्या डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात ही शोधाशोध सांगितली आहे. चाचणीत वीस माकडं होती, पाच-पाचांचे चार गट, त्यांतल्या एका गटाला लस न देता. लस दिलेल्या माकडांना रोगापासून संरक्षण मिळालं. पुढे ही लस माणसांना दिली गेली. मी स्वतः त्या लशीचे दोन डोस घेतले आहेत.

सतरा हजार, नऊ हजार आणि वीस. या आकड्यांतला फरक पाहिला की दिल्लीनं १९५५ मध्ये घातलेल्या अटीचा अर्थ मला जास्त कळतो. त्या अटीनं माकड वाचवलं नाही. त्या अटीनं माकड मोजायला लावलं.

आता कायो सांतियागोवर. लखनौच्या आसपासहून गेलेल्या त्या ४०९ माकडांची पोरंनातवंडं आज दीड हजारांहून जास्त आहेत. प्रत्येकाच्या कानाला खूण, अंगावर गोंदलेला क्रमांक, आणि दर पिढीची आईकडची वंशावळ लिहून ठेवलेली. एवढी तपशीलवार वंशावळ फार थोड्या माणसांच्या घराण्यांची असेल. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळ त्या बेटावरून गेलं आणि बेटावरची बहुतेक हिरवाई संपली. झाडं उन्मळली, सावली उरली नाही. उष्ण कटिबंधातल्या त्या बेटावर दुपारी उन्हात जमीन तापून अंगाला सोसवेनाशी होते.

ऱ्हीसस हे भांडखोर माकड आहे. दुसऱ्याला जवळ फिरकू देत नाही, जागेवरून दात दाखवतं. संशोधकांना वाटलं, आता सावलीसाठी मारामाऱ्या होतील. झालं उलटं. माकडं एकमेकांना पूर्वीपेक्षा जास्त सहन करू लागली, आणि जी अशी जवळ बसू देत होती ती जास्त जगली. दुपारी वाळलेल्या एखाद्या खोडाची हातभर रुंद सावली जमिनीवर पडते, आणि त्या पट्टीत माकडं एकामागे एक, अंगाला अंग लावून, ओळीनं बसलेली दिसतात. सूर्य सरकला की सावली सरकते, आणि ती ओळही तिच्याबरोबर थोडी थोडी सरकते.